समोरची खुर्ची

मंदाताई कोचरेकर बुद्धिबळ शिकायला लागल्या तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या, आणि ही गोष्ट आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त मला माहीत होती. मला माहीत असायचं कारण इतकंच, की त्यांचा पट माझ्या घरी असायचा; स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला. एकदा माझ्या नवऱ्याच्या हाती तो अभ्रा लागला. आतून सोंगट्या खुळखुळल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "समोरच्या मंदाताईंचं आहे." त्यानं अभ्रा होता तिथे ठेवला आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही. मंदाताईंचं नाव निघालं की आमच्या मजल्यावर कुणीच फार विचारायचं नाही.

बाई टपाल खात्यात सॉर्टर होत्या. चौतीस वर्षं लाकडी खणांसमोर उभं राहून त्यांनी पत्रं लावली. निवृत्त झाल्या, पण हाताची सवय गेली नाही. आमचा वॉचमन आलेलं टपाल जिन्याखालच्या पेट्यांवर ढीग करून ठेवायचा. मंदाताई सकाळी दूध घेऊन येताना तो ढीग उचलायच्या, पर्समधून अंगठ्यावर चढवायची रबरी टोपी काढायच्या आणि दोन मिनिटांत सगळं ज्याच्या त्याच्या पेटीत टाकून वर यायच्या. मीरा रोडला आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि विजेचं बिल माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या पत्त्यात विंग लिहिलेली नाही. मी आहे म्हणून आलं. कळवून टाका त्यांना." आमची ओळख अशी झाली. चहा वगैरे नंतर.

शेअर रिक्षातसुद्धा त्यांचं सॉर्टिंग चालायचं. बसण्याआधी त्या बाकीच्यांना विचारायच्या, "पहले कौन उतरेगा?" आणि उतरण्याच्या क्रमानं सगळ्यांना बसवायच्या. एकदा कानात इयरफोन घातलेला एक माणूस म्हणाला, "आंटी, बैठो ना, क्या फरक पडता है." मंदाताई म्हणाल्या, "फरक पडता है. आपके लिए हम दोनों को नीचे उतरना पड़ेगा." तो सरकला. मी शेजारी उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. खरं तर म्हणणं त्यांचंच बरोबर होतं.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं: "परत लावू." गठ्ठ्यात एक पत्र जरी चुकीच्या खणातलं निघालं तरी त्या म्हणे सगळा गठ्ठा बाहेर काढायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून लावायच्या. घरातही तेच. साडीची घडी वाकडी आली, परत लावू. फ्रिजमध्ये कोथिंबीर मिरच्यांच्या जागी गेली, परत लावू. हे म्हणताना त्या चिडलेल्या नसायच्या. उलट जरा खुशीतच असायच्या, कामाला लागायला मिळतंय म्हणून.

त्यांचा एकुलता एक मुलगा केदार. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे शिकला, मालाडच्या एका कंपनीत लागला, चांगला चारचौघांसारखा होता. जिन्यात भेटला की "काय वैशालीकाकू" म्हणायचा. मग एक दिवस तो भर दुपारी घरी आला, दारामागच्या खुंटीला बॅग अडकवली आणि परत कामावर गेला नाही. भाईंदर पश्चिमेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मंदाताईंनी ते मला एकदाच, कचेरीतल्या आवाजात सांगितलं. इथे ते लिहायची गरज नाही. गोळ्या सुरू झाल्या, त्या त्यांनी वेळच्या वेळी दिल्या, पण केदारचं बोलणं हळूहळू आटत गेलं. शेवटी तीन शब्द उरले. हो, नको, ठेव. डॉक्टरांकडे आईबरोबर जायचं तेवढंच बाहेर पडणं. एरवी त्यानं उंबरा ओलांडला नाही.

दिवसभर तो बुद्धिबळ खेळायचा, एकटाच. खिडकीपाशी त्यांचं जेवणाचं टेबल होतं, त्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. पांढऱ्यांची चाल केली की केदार उठायचा, टेबलाला वळसा घालून दुसऱ्या खुर्चीत बसायचा, विचार करून काळ्यांची चाल करायचा, परत उठायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला तिथे उभं राहवलं नाही. हातातली वाटी मी तशीच ओट्यावर ठेवून आले.

दोन वर्षं झाली. येणारे जाणारे सांगायचे, धीर धरा, काळ सगळ्यावर औषध आहे. मला या वाक्याचा भयंकर राग येतो. काळ काहीही करत नाही, तो नुसता जातो. मंदाताई मात्र असल्या लोकांना लाडू देऊन वाटेला लावायच्या. एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. हाताला कणीक तशीच.

"वैशाली, मला बुद्धिबळ शिकायचंय."

"तुम्हाला?"

"ती दुसरी खुर्ची हवीय मला," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा उठून उठून दमतो. समोर कोणीतरी बसायला पाहिजे ना?"

मी म्हटलं, केदारलाच सांगा ना शिकवायला. त्यांनी मान हलवली. सांगून पाहिलं होतं. तो "नको" म्हणाला होता आणि खोलीत गेला होता. आता त्यांचा बेत असा होता, की पूर्ण शिकायचं, चुकायचं नाही आणि मगच त्याच्यासमोर बसायचं. त्याला काही समजावून सांगायची वेळच आली नाही पाहिजे.

आधी त्या जवळच्याच एका क्लासला गेल्या. तिथल्या तरुण सरांनी रजिस्टर उघडलं.

"आजी, नातवाचं नाव?"

"मंदाकिनी कोचरेकर."

"नातीचं, ओके. एज?"

"बासष्ट."

सरांनी पेन खाली ठेवलं. बॅच चौदा वर्षांपर्यंतची होती, पेरेंट्स काय म्हणतील, लहान खुर्च्या आहेत, असं बरंच काही ते बोलले. "मी मागे उभी राहीन," मंदाताई म्हणाल्या. "चौतीस वर्षं उभ्यानंच काम केलंय." तरीही जमलं नाही. मग मी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. वही पुढ्यात घेऊन त्यांनी तो पाच मिनिटं पाहिला आणि मोबाइल मला परत केला. "हा माणूस 'ओके गाइज' म्हणतो आणि पळत सुटतो. मला थांब म्हटल्यावर थांबणारा माणूस पाहिजे."

असा माणूस त्यांना उत्तनला सापडला. इनास त्यांच्याच पोस्टातले पोस्टमन, उत्तनच्या कोळीवाड्यातले जुने ख्रिस्ती. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. जेवणाच्या सुट्टीत ते पार्सलांच्या खोलीत पट मांडायचे, हे मंदाताईंच्या लक्षात होतं. भाईंदर पश्चिमेहून बस धरून त्या आठवड्यातून दोनदा उत्तनला जायला लागल्या. बिल्डिंगमध्ये सांगितलं, गुडघ्याला मसाज घ्यायला जाते. घरातून निघताना केदारचं ताट झाकून ठेवायच्या आणि दारातून सांगायच्या, "तीनला येते." बरोबर तीनला यायच्या.

एका शनिवारी मीही गेले. इनास ओट्यावर बसले होते. समोर बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले, त्यांचा वास थेट घशात जाणारा. इनासांचा पट म्हणजे एक फळी, बापाच्या हातची, चौकोन तापल्या लोखंडानं डागलेले. खेळ ते बापाकडूनच शिकले होते, होडीवर.

"बाय, आधी ऐक. लिवू नको. राजा एक घर जाते, कुठं पन. पन त्याला एक उडी हाय, घोड्याची. सगल्या डावात एकदाच."

"कधी पण?" मंदाताईंनी विचारलं. पेन्सिल तयारच होती.

"शह लागल्यावर न्हाय. शहाना राजा आधीच उडी मारते."

मंदाताईंनी वहीत लिहिलं: राजा, उडी एक, शहाच्या आधी. प्यादं एकेक घर. शेवटच्या ओळीला पोचलं की ज्याच्या घरात पोचलं तेच होतं, घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. हा नियम त्यांना फारच पसंत पडला. "बघ, प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आहे," त्या मला म्हणाल्या. पटावर चौसष्टच घरं आहेत हे कळल्यावर तर त्यांना हायसं वाटलं. त्यांच्या खात्यात एका माणसाला याहून जास्त खण असायचे. त्यांनी प्रत्येक घराला एकेका गावाचं नाव देऊन टाकलं. मग त्या मला सांगायच्या, "पालघरवरून निघालेला घोडा थेट डहाणूला येत नाही, लक्षात ठेव." मी कशाला लक्षात ठेवू, मला तर उंट कुठला आणि वजीर कुठला हेच कळत नव्हतं.

घोड्यानं त्यांना फार छळलं. अडीच घरं हातात बसेनात. माझ्या हॉलमध्ये चौकोनी लाद्या आहेत. मंदाताईंनी चपला काढल्या आणि त्या स्वतःच घोडा झाल्या. दोन लाद्या सरळ, एक बाजूला. दोन बाजूला, एक सरळ. पदर खोचून, ओठ आवळून, रोज अर्धा तास. एकदा दार उघडं राहिलं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या मेहताबेननं पाहिलं. "मंदाबेन, यह घुटने का है?" त्यांनी विचारलं. "हां, डॉक्टर ने बोला है," मंदाताई न थांबता म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मेहताबेन आपल्या घरात हेच करत असल्याचं मला खालून ऐकू आलं.

चार महिने हे चाललं. सरावाला मी समोर बसायचे, माझी सोंगटी कशी चालते तेही त्याच सांगायच्या. त्यांनी मला किती वेळा हरवलं ते मी मोजलं नाही, पण शेवटी शेवटी माझा राजा त्यांचा हात पटाकडे आला तरी घाबरायचा. हरवल्यावर त्यांना आनंद व्हायचा असं मात्र मी पाहिलं नाही. "अजून नाही," त्या म्हणायच्या. "तुला हरवलं म्हणजे काय मोठंसं." आणि सोंगट्या पुन्हा जागेवर लावायला लागायच्या.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मंदाताई रोज संध्याकाळी माझ्या ओट्याला टेकून सांगायच्या, तसं लिहितेय.

पहिल्या दिवशी त्या दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसल्या. केदार चाल करून उठला, वळसा घालून आला, आईला तिथे बसलेलं पाहिलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्या बसल्या नाहीत. सकाळी तो अंघोळीला गेला असताना त्यांनी पट मांडला, पांढरं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडत बसल्या. तासाभरानं बाहेर आल्या. काळ्यांचं एक प्यादं पुढे आलेलं होतं.

"मी तिथेच डाळीचं ताट धरून उभी राहिले," त्या मला म्हणाल्या. "कितीतरी वेळ."

मग अशीच टपालासारखी चालींची ये-जा सुरू झाली. एक चाल ठेवायची, आत जायचं. तो उत्तर ठेवायचा, आत जायचा. चौथ्या पाचव्या चालीनंतर मात्र मंदाताई माझ्याकडे आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं.

"वैशाली, त्याचं प्यादं दोन घरं जातं."

"म्हणजे?"

"पहिल्याच चालीत दोन घरं. प्यादं एक घर जातं, इनासनं दहादा सांगितलंय. मी काही बोलले नाही. म्हटलं, आजारी आहे, चालू दे." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि आज तर त्यानं राजा आणि हत्ती दोन्ही एकदम हलवलेत. एका चालीत. दोघांच्या जागाच बदलल्या. डॉक्टरांना सांगू का गं? वाढलंय वाटतं."

मला खरंच वाटलं की वाढलंय. आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात कुजबुजत उभ्या होतो, आणि पलीकडच्या घरात तो मुलगा जगभर खेळतात तसं बिनचूक खेळत होता. आज हसू येतं. त्या दिवशी मंदाताईंच्या डोळ्यांत जे दिसत होतं ते आठवलं की हसू जातं.

डॉक्टरांची तारीख सोमवारची होती. शनिवारी सकाळी केदार आईनं चाल केल्यावर आत गेला नाही, आपल्या खुर्चीत बसून राहिला. मंदाताईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि बसल्या. तो उठला नाही. दोघांनी दहा बारा चाली केल्या. त्याचा वजीर त्यांच्या राजाच्या दिशेनं निघाला होता. शह अजून लागलेला नव्हता. मंदाताईंनी वहीतली ओळ आठवली, राजा उचलला आणि अडीच घरं उडवून बाजूला नेऊन ठेवला.

केदारनं हात पुढे केला आणि राजा परत जुन्या घरात ठेवला.

मंदाताईंनी तो पुन्हा उडवला. केदारनं पुन्हा परत ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी राजा उचलला आणि म्हणाल्या, "राजाला एक उडी असते."

"नसते," केदार म्हणाला.

"असते. इनासनं सांगितलंय."

"कोण इनास?"

दोन वर्षांत त्यानं कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न. मंदाताईंनी काय करावं? ढसाढसा रडावं, देवापुढे साखर ठेवावी, निदान मला तरी हाक मारावी. त्या म्हणाल्या, "पोस्टमन. उत्तनचा. तू प्यादं दोन घरं टाकतोस त्याचं काय?" आणि केदारनं सांगायला सुरुवात केली. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात. शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो, कुठल्याही घरात. तुटक तुटक, मध्ये थांबत, पटाकडे बघत. जवळजवळ वीस मिनिटं. तो बोलत होता तोवर गॅसवरची भाजी जळली. वास माझ्या घरापर्यंत आला होता, पण मंदाताई उठल्या नाहीत.

"त्यानं विचारलं, कोण इनास," त्या संध्याकाळी मला सांगत होत्या. एकदा सांगितलं, मग परत सांगितलं. रडले मी. त्या मला गप्प करत होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, "म्हणजे चार महिने मी चुकीचं शिकले. बघतेच त्या इनासला."

मंगळवारी त्या खरंच भांडायला गेल्या. इनास शांत होते. त्यांचं म्हणणं, बाहेरच्या लोकांनी नियम बदलले असतील तर ते त्यांचं त्यांनी बघावं, आपल्या राजाला उडी हाय. दोघांचा वाद तासभर रंगला आणि शेवटी एक डाव झाला, उडीवाला. तो मंदाताई जिंकल्या. त्यानंतर उत्तनला गेल्या की त्या उत्तनच्या नियमांनी खेळायच्या आणि घरी केदारच्या. वहीत दोन रकाने केले होते. कधीही गल्लत केली नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की झालं, सगळं सुरळीत झालं. तसं काही झालं नाही. महिनाभरानं केदार पुन्हा मिटला. पुढचे सोळा दिवस तो खोलीबाहेर फक्त जेवायला आला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. मंदाताई रोज सकाळी दहा वाजता पट मांडायच्या, पांढरं प्यादं पुढे करायच्या, आपल्या खुर्चीत बसून राहायच्या. बारा वाजता पट आवरायचा, स्वयंपाकाला लागायचं. उद्या परत लावू. त्यांचे पाय सुजले होते, तोंडाची चव गेली होती. मला बघवेना. मी एक दिवस न राहवून बोलले.

"ताई, सगळं काही बुद्धिबळानं होणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जमलं असतं तर मी ते वाक्य परत गिळलं असतं. उठल्या आणि गेल्या. तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझं टपालसुद्धा पेटीत पडलं नाही, खाली ढिगात तसंच राहिलं. मीच गेले आणि माफी मागितली. दार उघडून त्या आत गेल्या, मला बसायला सांगितलं नाही, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सगळं कुठे मागतेय मी? सगळं डॉक्टर बघतील. मला रोज त्याची एक चाल पाहिजे. तेवढी मी घेणार."

सतराव्या दिवशी त्यांना ती मिळाली.

त्यानंतरही चढउतार होतेच. कधी आठवडा चांगला जायचा, कधी चार दिवस दार बंद. पण खुर्ची त्यांची झाली ती झालीच. केदार त्यांना सपाटून हरवायचा. दयामाया नाही. एकदा मी म्हटलं, आईला एखादा डाव सोडत नाही का हो हा? मंदाताईंना राग आला. "कशाला सोडेल? सोडला तर मला कळेल, आणि मग मी खेळणार नाही." हरल्यावर त्या वहीत आपली चूक लिहायच्या, कुठला घोडा कुठल्या गावी उगाच पाठवला ते. मग केदारला दाखवायच्या. तो बघायचा आणि कधीतरी बोट ठेवून म्हणायचा, "ही नाही. ही." म्हणजे चूक आधीची. मंदाताई खोडून नवी ओळ लिहायच्या. त्या वहीत त्याच्या अक्षरातल्याही काही ओळी पुढे दिसायला लागल्या. मला त्या त्यांनी मुद्दाम दाखवल्या नाहीत. वही माझ्या ओट्यावर उघडी ठेवून त्या पाणी प्यायला वळल्या, एवढंच.

मागच्या वर्षी आम्ही मीरा रोडची जागा सोडली. सासूबाईंना एकटं राहणं होईना म्हणून भाईंदर पश्चिमेला त्यांच्याकडे जायचं ठरलं. लांब नाही, पण समोरचं दार ते समोरचं दार. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मंदाताई भांडी बांधायला आल्या. खोक्यांवर त्यांनी आधीच लिहून टाकलं होतं, काय कुठल्या खोलीत उतरायचं ते. दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. त्या नेहमीपेक्षा गप्प होत्या. मला वाटलं, माझ्या जाण्यामुळे.

बेल वाजली. वॉचमन टेम्पोचं विचारायला आला असेल म्हणून मी उठले आणि दार उघडलं.

दारात केदार उभा होता. पायात चपला नव्हत्या. त्यांच्या उंबऱ्यापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत चार पावलं. आजारी पडल्यापासून तो त्या चार पावलांवरून आईचा दंड धरून जिन्याकडे गेलेला मी पाहिला होता. एकटा कधीच नाही. मागे त्यांचं दार उघडं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या खांद्यावरून आत बघत होता.

"काकू, आई आहे?" त्यानं विचारलं. "तिची चाल आहे."

मी मागे वळले. मंदाताईंनी सगळं ऐकलं होतं. अर्धा गुंडाळलेला कप त्यांच्या हातात होता आणि त्यांचा चेहरा मी तोवर कधी न पाहिलेला झाला होता. मला वाटलं, आता ही बाई धावत येईल, त्याला पोटाशी धरेल. मी दारातून बाजूलासुद्धा झाले.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग आतूनच, कचेरीतल्या त्या आवाजात म्हणाल्या, "वैशाली, सांग त्याला, विचार करतेय."

केदारनं ते ऐकलं. मग म्हणाला, "मग मी थांबतो," आणि माझा उंबरा ओलांडून आत आला, भिंतीपाशी बांधून ठेवलेल्या एका खोक्यावर बसला.

मंदाताईंनी खाली मान घालून कप गुंडाळायला घेतला. कागद काही केल्या बसेना. मी पुढे झाले तर त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं, आणि तो एक कप त्या कितीतरी वेळ गुंडाळत राहिल्या.